हात राखून

"सही करा मॅडम, तेवढीच राहिलीय. गुरुवारी थिएटर लागलंय," असं म्हणत डॉक्टर घोरपडे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

मी मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं नाही. "पाहतेय."

"काल पण पाहतच होतात."

"काल पण नीट दिसत नव्हतं."

मिरजेत रस्त्याला दुकानं कमी आणि दवाखाने जास्त. त्यातल्याच एका हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून नुकती लागले होते. पॅथॉलॉजिस्टचं काम लग्नातल्या आचाऱ्यासारखं. सगळं त्याच्या हातावर चालतं, पण त्याला कुणी पाहिलेलं नसतं, आणि त्यानंही पाहुणे पाहिलेले नसतात. पेशंट माझ्याकडे यायचे ते बाटलीत, तुकड्याच्या रूपात. मला ते बरं वाटायचं. माणसांशी बोलायला लागू नये म्हणूनच मी ही शाखा घेतली, असं माझी आई सगळ्यांना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमचे विभागप्रमुख वाळवेकर सर. त्यांनी स्वतःच एक नियम घालून ठेवला होता. ज्या ऑपरेशनात माणसाचा अवयव कायमचा जाणार, त्याच्या रिपोर्टवर दोन पॅथॉलॉजिस्टच्या सह्या हव्यात. माझ्या आधी तिथे दुसरा पॅथॉलॉजिस्टच नव्हता, त्यामुळे नियम नुसता भिंतीवर होता. मी आले आणि तो सगळ्यांना आडवा यायला लागला.

समोरच्या काचपट्टीवरचा पेशंट होता निवृत्ती खरमाटे, वय पन्नाशीच्या पुढे. आवाज बसला म्हणून आले. स्वरयंत्रात मागच्या बाजूला गाठ, एका बाजूची स्वरदोरी नीट हलत नाही. घोरपड्यांनी भूल देऊन तुकडा काढला, वाळवेकर सरांनी तपासला आणि लिहिलं, कॅन्सर. नुसते किरणांचे शेक देऊन भागणार नाही, अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल, असं घोरपड्यांचं मत पडलं. म्हणजे गळ्याला श्वासासाठी भोक आणि आवाज कायमचा बंद.

"हे कोण आहेत, माहितीय का तुम्हाला?" घोरपड्यांनी विचारलं.

"पेशंट."

"खरमाटे नाना आहेत ते! कुस्तीच्या मैदानात निवेदन करतात. सांगली घ्या, कोल्हापूर घ्या, सातारा घ्या, नानांचा आवाज नाही ते मैदानच नाही. पैलवान आत आला की नाना त्याचं गाव सांगणार, बापाचं नाव सांगणार, वस्ताद कोण, तालीम कुठली. एक कागद हातात नसतो."

"मी कुस्ती बघत नाही."

मी भाकरी खात नाही असं सांगितल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. घोरपडे स्वतः तालमीतले. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेले, बुटके, आडवे, आणि दोन्ही कान मातीत घासून घासून फुलकोबी झालेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरचेच असले कान पाहून नवे पेशंट दचकायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

"डॉक्टर, मला खालचं बघायचंय," मी म्हटलं. "वरच्या अस्तराची मुळं खाली घुसलेली दिसतात, ते खरं. कॅन्सरमध्ये तसंच दिसतं. पण ह्या पेशी फार शहाण्यासारख्या वागतायत. आणि अगदी तळाला, जिथे तुकडा संपतो तिथे, चार-पाच मोठ्या फिकट पेशी आहेत. त्यांच्या पोटात कण आहेत. कणीदार तुपासारखे. त्या इथल्या नाहीत."

"मग कुठल्या आहेत?"

"नसेभोवती जे वेष्टण असतं ना, त्यातून एक गाठ येते. साधी असते, सहसा कुणाचा जीव घेत नाही. जिभेवर येते, कातडीत येते. स्वरयंत्रात क्वचितच. पण तिची एक खोड आहे. ती ज्या अस्तराखाली बसते, ते अस्तर पिसाळल्यासारखं वाढतं. वरवर बघणाऱ्याला कॅन्सर वाटतो."

"वाळवेकर सर वरवर बघतात का?"

"सरांना वरचंच मिळालंय. तुम्ही नेहमी हरभऱ्याएवढा तुकडा देता. हा तर कापलेल्या नखाएवढा पण नाही."

घोरपड्यांचा चेहरा लाल झाला. "घशातनं काढलाय मॅडम, शेतातनं न्हाई!" एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस रागावला की थेट गावाला पोचायचा. दार आपटून ते निघून गेले.

मी टेक्निशियनला मेणाच्या ठोकळ्यातून आणखी काप काढायला सांगितले. दोन काचपट्ट्या झाल्या आणि तुकडाच संपला. त्या फिकट पेशी पुन्हा दिसल्या, पण तेवढ्याच. मग त्या काचपट्ट्या घेऊन मी सरांकडे गेले.

सरांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

"गिरिजा, चार पेशी आहेत."

"हो सर."

"चार पेशींसाठी कॅन्सरचं ऑपरेशन थांबवायचं? तुझं चुकलं आणि दरम्यान गाठ वाढली तर?"

"माझं चुकलं तर त्यांच्या जिवाला धोका आहे. नाही चुकलं तर त्यांचा आवाज आपण फुकट घालवतोय."

सरांनी काचपट्टी काढून उजेडासमोर धरली. ते तापट नव्हते, हट्टीही नव्हते, पण तीस वर्षांचा अनुभव एका नव्या मुलीच्या चार पेशींसमोर पटकन खाली ठेवता येत नाही. मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली, आणि ती त्यांची नाही, माझीच.

"मला कॅन्सरच वाटतोय," ते शेवटी म्हणाले. "मी सही मागे घेणार नाही. पण तुझ्याकडून ओढूनही घेणार नाही. नियम माझाच आहे. तुकडा परत घ्यायचा असेल तर घसा त्यांचा आहे. जा, त्यांनाच विचार. आणि घोरपडेला बरोबर ने."

म्हणजे मला वॉर्डात जाणं आलं. नोकरीला लागल्यापासून मी त्या मजल्यावर पाय ठेवला नव्हता.

जिन्यातच पैलवान बसले होते. कुणाच्या हातात दुधाची किटली, कुणाच्या हातात बदामाची पुडी. एकेक पायरी एकेका मांडीनं भरलेली. सिस्टर वरून ओरडत होत्या, "अहो, हा दवाखाना आहे, आखाडा नाही!" आणि ते सगळे अंग चोरून, लहान होण्याचा प्रयत्न करत होते. आम्हाला वाट द्यायला ते उभे राहिले तर जिन्यात उजेडच येईना.

नाना खाटेवर मांडी घालून बसले होते. मी धिप्पाड माणसाची कल्पना केली होती. हे किडकिडीत, अंगात बंडी, डोळे मात्र मिश्कील. शेजारी स्टुलावर त्यांची बायको लसूण सोलत होती. हॉस्पिटलात लसूण कशासाठी, हे मी विचारलं नाही.

"काय इचारायचं ते मला इचारा," तिनं आधीच सांगून टाकलं. "त्यास्नी बोलायची बंदी हाय."

"काकी, ह्या मगदूम मॅडम," घोरपडे म्हणाले. "तुकडा तपासतात त्या."

मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. वर जे दिसतंय ते कॅन्सरसारखं आहे. खाली दुसरंच काही असेल अशी मला शंका आहे. खात्री करायची तर तुकडा पुन्हा घ्यावा लागेल, आणि खोलवर.

काकींच्या हातातला लसूण थांबला. "म्हंजी कॅन्सर न्हाई?"

"मला माहीत नाही, काकी. माहीत नाही, हेच सांगायला आलेय."

"आवो, असं कसं? परवा म्हणला हाय. समद्या पावण्यारावळ्यांस्नी सांगून झालं, रडून झालं. आता म्हणताय ठावं न्हाई. माणसानं कशाचा धीर धरायचा?"

मी घोरपड्यांकडे पाहिलं.

"शंका मॅडमना आहे, काकी, मला नाही," ते म्हणाले. "आणि खोल तुकडा घ्यायचा म्हणजे जोखीम आहे. त्यात दोरी फाटली, तर…" ते थांबले.

"तर?" नानांनी विचारलं. तो आवाज नव्हताच, सुपात धान्य सरकतं तसा नुसता वारा होता.

"तर आवाज जाईल, नाना."

नाना हसले. खांदे हलले, तोंड उघडलं, आवाज काहीच नाही. मग तोच वारा म्हणाला, "आन गुरवारी काय ऱ्हाणार हुता?"

मला वाटलं, आता घोरपडे चिडतील, पुन्हा दार आपटतील. पण ते खाटेच्या कडेला टेकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले ते चुरगळलेले कान धरले. शाळेत चुकलेलं पोर धरतं तसे.

"नाना, माझा हात उठला नाही."

"आँ?" काकी म्हणाल्या.

"त्या दिवशी तुम्हाला भूल दिली, नळी घातली, चिमटा आत नेला. गाठ समोर दिसत होती. आणि मला मैदान आठवलं. बारा-तेरा वर्षांचा होतो मी. पोरांच्या कुस्त्या चाललेल्या, कोण बघत पण नव्हतं. तुम्ही भोंग्यावरनं माझं नाव घेतलं. गाव सांगितलं. म्हणाला, बापू घोरपड्याचं पोरगं हाय, बाप ऊस तोडतोय आन पोराला दूध घालतोय. माझा बाप तितंच, मातीच्या कडंला, डोळे पुसाय लागला. त्या दिवसापतोर त्याचं नाव कुणी असं घेतलं नव्हतं वो, नाना." घोरपड्यांची भाषा केव्हाच गावाला पोचली होती. "त्या आवाजावर चिमटा चालवायचा? माझ्यानं झालं न्हाई. वरचं वरचं घेतलं. म्हणलं, भागंल एवढ्यात."

नखाएवढा तुकडा कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. मी दोन दिवस त्यांच्या कामाला मनातल्या मनात नावं ठेवत होते. त्या माणसानं आयुष्यात एकदाच हात हलका ठेवला होता, तो प्रेमानं, आणि त्या प्रेमापायीच गुरुवारी नानांचा गळा कापला जाणार होता. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

नानांनी घोरपड्यांच्या मांडीवर थाप मारली. "हात राखून लढल्याली कुस्ती कसली म्हणायची, डाक्टर?"

घोरपड्यांनी मान खाली घातली. "नुरा."

"खोटी कुस्ती," काकींनी मला समजावलं. "आधी ठरवून करत्यात. लोकं मग दगडं मारत्यात."

"मंग?" नाना म्हणाले. "नुरा लावून निकाल सांगायला निगालासा व्हय? पुन्ना लावा. निकाली. कुणाची तरी पाठ लागंस्तवर."

एवढं बोलून ते खोकायला लागले. काकींनी पाण्याचा पेला दिला आणि मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं अवघड होतं.

"बाई, तुमचा बाप हितं बसला आसता, तर काय केलं आसतं?"

"हेच," मी म्हटलं. पटकन म्हटलं, कारण थांबले असते तर म्हणता आलं नसतं. काकींनी मान हलवली आणि पुन्हा लसूण घेतला.

गुरुवारी थिएटरमध्ये ऑपरेशनऐवजी तुकडा काढला गेला. बाटली घेऊन घोरपडे स्वतः आले, टोपी-मास्कसकट. "घ्या तुमचा हरभरा," म्हणाले. तुकडा उत्तम होता.

दुसऱ्या दिवशी काचपट्टी तयार झाली. मी ती लावली आणि लगेच डोळा काढून घेतला. परीक्षेचा निकाल उघडताना होतं तसं झालं. मग परत डोळा लावला. वर तेच पिसाळलेलं अस्तर होतं. पण आता त्याच्या खाली जागाच जागा होती, आणि ती सगळी फिकट, मोठ्या, कणीदार पेशींनी भरलेली. शेजारी शेजारी, शांत, कुणाला धक्का न देता बसलेल्या. चार नाही, चार हजार. मी एकटीच मोठ्यांदा हसले. टेक्निशियन दारात येऊन बघून गेला.

सर आले. माझ्या खुर्चीवर बसले. काचपट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा मला राग येईपर्यंत फिरवत राहिले.

"नसेच्या पेशी ओळखायचा खास रंग असतो, तो करायला मुंबईला पाठव," शेवटी म्हणाले. "खात्री त्यानंच होईल. पण माझी झालीय." त्यांनी पहिला रिपोर्ट मागवला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली. मग दारातून वळून म्हणाले, "नियम बरा केला होता मी. त्याला माणूस नव्हतं." सरांनी मला दिलेली शाबासकी एवढीच.

मुंबईहून उत्तर यायला बरेच दिवस गेले. ते दिवस मला अजून नको वाटतात. सरांची खात्री होती, माझी होती, तरी पहाटे जाग यायची आणि वाटायचं, आपण एका माणसाच्या कॅन्सरला सुट्टी दिलीय. रोज टपाल आलं की मी आधी पाकिटांवरचे शिक्के बघायचे. उत्तर आलं ते आम्हाला हवं तेच होतं. साधी गाठ. तेवढीच काढा, स्वरयंत्राला हात लावू नका.

घोरपड्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही की आभार मानले नाहीत. धावत जिन्याकडे गेले. पुढच्याच क्षणी तिथून असा काही आरडाओरडा झाला की सिस्टरांनी पोलिसांना बोलवायची भाषा केली. संध्याकाळी माझ्या टेबलावर बदामांचा ढीग होता. मी आणि टेक्निशियन महिनाभर खात होतो.

गाठ निघाली, पण दोरीचा थोडा भाग बरोबर काढावाच लागला. आवाज किती उरेल, उरेल की नाही, ते घोरपड्यांनाही सांगता येईना. जखम भरेपर्यंत नानांनी एक अक्षरही बोलायचं नव्हतं. पुढच्या हंगामात ते मैदानात उभे राहिले, आवाजाला जरा खरखर आली होती, पण लोकांनी तोही डोक्यावर घेतला, हे सगळं मी नंतर घोरपड्यांकडून ऐकलं. मी आजतागायत एकही मैदान पाहिलेलं नाही. मी पाहिला तो फक्त एक दिवस.

बंदी उठायची त्या सकाळी घोरपड्यांचा फोन आला. "मॅडम, वर या. मला एकट्याला धीर होत नाही."

तपासणीच्या खोलीत नाना खुर्चीवर ताठ बसले होते. काकी भिंतीला लागून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. घोरपड्यांनी आरसा घालून घसा पाहिला. "जखम छान भरलीय," म्हणाले. "आता नाना, जोर नाही लावायचा. नुसतं ई म्हणा. किंवा काहीही म्हणा, लहानसं. एक शब्द."

नानांनी घसा साफ केला. खिडकीबाहेर पाहिलं. इतकी वर्षं हजारो माणसांची नावं घेतलेला तो माणूस कुठून सुरुवात करावी हे शोधत बसला होता. घोरपड्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग नाना काकींकडे वळले.

"शालन," ते म्हणाले.

आवाज जाडाभरडा होता, कडेला थोडा फाटलेला, पण आवाज होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. काकींनी दाराकडे पाहिलं, कुणी बाई आत आली की काय म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हबकल्याच. काकींचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्न होऊन तीस वर्षं झाली, "अगं" आणि "ऐकलंस का" ह्यावरच संसार झाला होता.

नानांना आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हात वर केला आणि खोलीच्या चार भिंतींत अख्खं मैदान उभं केलं.

"शालन निवृत्ती खरमाटे! गाव आरेवाडी! बाप मारुती कोळेकर, वस्ताद कुणी न्हाई! तीस साल एकटी लढत्या, आजून पाठ लागल्याली न्हाई!"

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज एकदम बंद पडली. घोरपडे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

काकींनी पदर तोंडावर घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं. फक्त पदराआडून दटावणी ऐकू आली.

"हळू की वो. समदी ऐकत्यात."